बारा कोंबड्या आणि हजार डोसांची बाटली

परसदारी दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्याने मानमोडीची लस मागणं म्हणजे काहीतरी गुन्हा केल्यासारखं झालंय. दुकानात पहिला प्रश्न, "पक्षी किती?" बारा म्हटलं की समोरचा हसतो. "बारा कोंबड्यांना कसली लस? हजारची बाटली आहे, घ्यायची तर घ्या." विषय संपला. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच बारा कोंबड्या चार दिवसांत उलथ्या पडल्या की हेच लोक सांगणार, "मर आली होती हो, काय करणार!"

काय करणार म्हणजे? लस टोचणार! मर आभाळातून पडत नाही. तिचं नाव राणीखेत, आपल्याकडे मानमोडी. विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही, लस आहे. हा रोग भारतात ओळखला जाऊन शंभर वर्षं होत आली. आर-टू-बी ही त्यावरची लस विषाणूच्या ज्या वाणापासून (स्ट्रेनपासून) बनते तो मुक्तेश्वरचा, म्हणजे आपल्याच देशातला. आणि तरी आज गावातल्या बाईला बारा कोंबड्यांपुरती लस मिळत नाही, याचा संताप येऊ नये तर काय यावं?

2019च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांचा आकडा 31 कोटी 70 लाखांच्या आसपास आला, आणि 2012च्या तुलनेत तो जवळपास 46 टक्क्यांनी वाढला होता. एवढे पक्षी पाच-दहा-वीसच्या कळपांत विखुरलेत. आणि लासोटाच्या, म्हणजे लहान पिल्लांपासून द्यायच्या मानमोडीच्याच लसीच्या, बाटल्या येतात शंभर, दोनशे, पाचशे, हजार डोसांच्या. त्यातली शंभरचीही तालुक्याच्या दुकानात बहुतेक वेळा नसते, कारण मोठे शेडवाले हजारची नेतात आणि दुकानदार तीच ठेवतो. पैशाचं दुखणं त्यामानाने छोटं आहे. खरी अडचण पुढे आहे. ती लस जिवंत असते. वाळवून, निर्वात बाटलीत बंद केलेली. एकदा पाणी घातलं की दोन तासांत संपवायची. उरलेली फ्रीजमध्ये ठेवून महिन्याने बूस्टरला वापरता येत नाही, वाळकी वडी फोडून अर्धी अर्धी करता येत नाही. "थोडी ठेवा की जपून" हा सल्ला देणाऱ्याने निदान बाटलीवरचा कागद तरी वाचावा.

आता ती वाटेत कशी मरते ते बघा. लस 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. दुकानातला फ्रीज रात्री भारनियमनात बंद, सकाळी पुन्हा चालू. तिथून ती कॅरीबॅगमध्ये, दोन बर्फाचे खडे टाकून, एसटीने दीड तास. बर्फ वितळून पाणी झालेलं, बाहेर मे महिन्याचं ऊन. घरी येईपर्यंत बाटलीत औषध नावापुरतं उरतं. ती टोचली, सगळे निर्धास्त झाले, आणि महिन्याभरात माना वाकड्या. मग गावभर बोलबाला, "लस दिली म्हणूनच मेल्या." झालं! पुढची पाच वर्षं त्या आळीत कुणी लसीचं नाव काढत नाही.

म्हणून लस घ्यायला जाताना रुंद तोंडाचा थर्मास न्या, बर्फ भरून. दुकानदाराने बाटली उघड्या फळीवरून काढून दिली तर तिथेच परत करा, भांडण झालं तरी चालेल. घरी आल्यावर सिरिंजमध्ये डायल्युएंट, म्हणजे लस विरघळवायचं पाणी, घेऊन सुई बाटलीच्या बुचात खुपसा. आत निर्वात असेल तर पाणी आपसूक आत ओढलं जातं. दट्ट्या दाबावा लागला, पाणी ओढलंच गेलं नाही, तर बाटलीत हवा शिरलेली आहे. ती वापरू नका. आतली वडी कोरडी, मोकळी दिसायला हवी. चिकट होऊन आक्रसलेली असेल तर तीही गेली.

डोळ्यात थेंब टाकायचा असेल तर आधी ड्रॉपर मोजून घ्या, हे कुणी सांगतच नाही. एक मिली पाण्याचे किती थेंब पडतात ते बघा. वीस पडत असतील तर शंभर पक्ष्यांना पाच मिली लागतं, तीस पडत असतील तर साडेतीनच्या आत भागतं. जास्त पाणी घातलं की लस पातळ झाली, कमी घातलं की शेवटच्या पक्ष्यांना उरत नाही. पिल्लू एका मुठीत धरायचं, मान आडवी करायची, वर राहिलेल्या डोळ्यात एक थेंब. मग सोडायचं नाही! पिल्लू पापणी मिटतं, उघडतं, थेंब आत ओढला जातो, तेवढा वेळ थांबायचं. लगेच सोडलं तर ते मान झटकतं आणि तुमची लस जमिनीवर. आपले हात नंतर साबणाने धुवा आणि त्या हातांनी डोळे चोळू नका, ही लस माणसाच्या डोळ्याला लागली तर डोळे येतात.

पाण्यातून देणार असाल तर नळाचं पाणी वापरू नका, क्लोरीनने लस मरते. विहिरीचं स्वच्छ पाणी, प्लॅस्टिकचं भांडं, लिटरला दोन-तीन ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर. आधी दोन तास पाणी बंद, म्हणजे तहानलेले पक्षी तासाभरात सगळं संपवतात. पण दहा-बारा पक्ष्यांना हा उद्योग करूच नये. दांडगा कोंबडा पोटभर पितो आणि कडेची तलंग कोरडीच राहते. थेंबच द्या.

वेळापत्रकही सरळ आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा लासोटा. आठ ते दहा आठवड्यांची झाली की आर-टू-बी, अर्धा मिली, कातडीखाली, आणि त्याच्या एक आठवडा आधी जंताचं औषध. देवीची लस सहा-सात आठवड्यांना, कारण डास झाले की देवी येतेच. इथेही लोक घोळ घालतात. एकच बाटली हाताशी आहे म्हणून वीस दिवसांच्या पिल्लांना आर-टू-बी टोचतात. ती लस जोरकस आहे, लहान पिल्लांना तिनेच लुळेपणा येतो, मरतातही. आणि भर अंड्यावर असलेल्या कोंबडीला टोचली की अंडी घटतात, मग घरातली सासू म्हणते लस वाईट. अंड्यावर यायच्या आधी टोचायची, एवढं दुकानदाराने एका वाक्यात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

"गावरान आहे हो, तिला काही होत नाही." हे वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. गावरान कोंबडी काटक आहे, उन्हात फिरते, काहीबाही खाऊन जगते, सगळं मान्य. पण मानमोडीच्या विषाणूला गावरान, गिरिराज, कडकनाथ सगळे सारखे. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून धापा, पंख लोंबलेले, पाय ओढत चालणं, शेवटी मान पिळवटून पाठीवर. बिनलसीच्या कळपात दहातल्या आठ-नऊ जातात. लसणाच्या पाकळ्या, हळदीचं पाणी, टेट्रासायक्लिनची पुडी, यातलं काहीही विषाणू मारत नाही. आजारी पडल्यावर लस टोचूनही उपयोग नाही, अंगात ताकद यायला तिला दहा-बारा दिवस लागतात. हे माहीत असूनही मर सुरू झाल्यावर पुड्या विकणाऱ्यांना काय म्हणावं?

आणि मोटरसायकलला जाळीचे खोके बांधून "गावरान पिल्लं" विकत फिरणारे! कुठल्या हॅचरीतली, कुठली जात, लस झाली की नाही, कशाचा पत्ता नाही. विचारलं तर "सगळं झालंय ताई." काय सगळं? कोणत्या तारखेला? उत्तर नाही. पाच गावांच्या खुराड्यांतून फिरलेला तो खोका तुमच्या अंगणात टेकतो, त्यातलं शिंकणारं एक पिल्लू तुम्ही घेता आणि संध्याकाळी जुन्या कोंबड्यांत सोडता. या रोगाला अंगात मुरून बाहेर यायला दोन दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणून नवा पक्षी किमान पंधरा दिवस वेगळ्या डालग्यात, वेगळ्या भांड्यावर, आणि जुन्यांचं खाणंपाणी आधी उरकून मग त्याच्याकडे. पाहुण्याने आणलेला कोंबडा असला तरी हेच.

त्याहून चीड येते ती मर लागल्याबरोबर उरलेल्या कोंबड्या बाजारात काढणाऱ्यांची. दोन मेल्या, तिसरी पेंगतेय, की आठ पिशवीत घालून आठवडी बाजार! दोन पैसे सुटले त्यांचे, पण रोग सात गावांत वाटला. मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर फेकायच्या, कुत्र्याने ओढत नेऊन शेजारच्या दारात टाकायच्या. तीन फूट खड्डा खणायला आणि वर चुना टाकायला किती वेळ लागतो? एक तास? तेवढाही कुणाला नाही.

कोंबड्या गेल्या की नुसती अंडी जात नाहीत. खुराड्यातलं भाताचं तूस आणि विष्ठा दोन-तीन महिने कुजवून वांग्या-मिरच्यांच्या वाफ्याला जायची, अळूच्या आळ्यात जायची, ते थांबतं. परसात वाळवी आणि किडे वेचणारं कुणी राहत नाही. आणि दहा-पंधरा रुपयांना जाणारं गावठी अंडं हा बहुतेक घरांत बाईच्या हातातला एकमेव पैसा असतो, ज्याचा हिशोब ती कुणाला देत नाही. पोराची वही, एसटीचं तिकीट, स्वतःची गोळी, सगळं त्यातून. "कोंबडीच तर मेली" म्हणणाऱ्याने हे एकदा नीट बघावं.

उपाय नाही असं थोडंच आहे? उष्णता सहन करणारी आय-टू ही लस ऑस्ट्रेलियात तयार झाली, आणि मोझांबिक, टांझानिया, मलावीसारख्या देशांत गावातल्याच प्रशिक्षित बायका-पुरुषांनी दर चार महिन्यांनी डोळ्यात थेंब टाकत ती घरोघरी पोचवली. खेड्यातल्या कोंबडीसाठी लस खेड्याला साजेशी करता येते, हे तिथे दिसलंय. मग आमच्या तालुक्याच्या दुकानात निदान पंचवीस डोसांची बाटली का नाही? कुणी मागत नाही म्हणे! बारा पक्षी म्हटलं की हसता, मग मागणार कोण?

तोवर एकच मार्ग आहे, आळीने एकत्र यायचं. आठ-दहा घरं मिळून शंभर पक्षी सहज होतात. एक तारीख ठरवा, एकाने थर्मास घेऊन शंभरची बाटली आणा, घरटी पैसे वाटून घ्या. पाणी घालायचं ते सगळे पक्षी डालग्यात बंद झाल्यावरच, आधी नाही. दोन तासांचं घड्याळ तिथून सुरू होतं. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत बाटली बर्फात ठेवून फिरवा. पेंगणाऱ्या, शिंकणाऱ्या पक्ष्याला त्या दिवशी वगळा. उरलेली लस आणि रिकामी बाटली उकळून मग पुरा, उकिरड्यावर टाकू नका, त्यात जिवंत विषाणू आहे.

आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून लसीकरणाला येणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. सकाळी अकराला येऊन "पक्षी कुठेत?" विचारू नका. अकरा वाजता कोंबडी बांधाला असते, काजूखाली असते, कुणाच्या तरी भातात असते. ती सापडत नाही, आणि तुम्ही वहीत "पशुपालक अनुत्सुक" लिहून निघून जाता. खुराडं उघडायच्या आधी या, साडेसहाला. तेवढं जमत नसेल तर आदल्या संध्याकाळी एक फोन करा, आम्ही खुराडं उघडणारच नाही.