‘पोप दोनदाच अचूक बोलले, बाकी सगळं ऐच्छिक’ : आपल्याच लोकांना एक उत्तर

महिनाभरात एकच मेसेज मला तिघांकडून आला. मजकूर साधारण असा : ‘पोप आजवर फक्त दोनदा अचूक बोलले आहेत, बाकीची शिकवण म्हणजे सल्ला. शेवटचा शब्द आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा. संततिनियमनाची शिकवण बहुतेक कॅथलिक पाळत नाहीत, म्हणजे ती संपली. पोप फ्रान्सिस यांनी तर बरंच बदललं. तेव्हा आपापसात वाद नको, प्रेम करा.’

पाठवणारी माणसं आपलीच आहेत. कुणी चॉयरमध्ये गातं, कुणी लेंटमध्ये क्रूसाची वाट कधी चुकवत नाही. बाहेरच्या कुणी प्रश्न केला तर आपण बायबल उघडतो. शेजारच्या बाकावरच्याने केला तर गप्प बसतो, नाही तर चिडतो. मी दोन्ही करून बसलो आहे. म्हणून या वेळी तयारी करून लिहितो आहे.

‘दोनदा’ हा आकडा साधारणपणे दिला जातो तो बरोबर आहे. पवित्र मरियेचा निष्कलंक गर्भसंभव (ती मूळ पापाविना गर्भात आली) 1854 मध्ये आणि तिचं स्वर्गोन्नयन (ती सदेह स्वर्गात गेली) 1950 मध्ये जाहीर झालं. पोपच्या अचूकतेची, म्हणजे श्रद्धा-नीतीबाबत त्यांनी अंतिम शब्द म्हणून जाहीर केलेली शिकवण चुकू शकत नाही याची, व्याख्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने 1870 मध्ये केली. चूक आहे ती त्यापुढच्या ‘म्हणून’मध्ये. ख्रिस्त पित्याशी एकतत्त्व आहे, हे 325 साली नायसियाच्या परिषदेने ठरवलं. ती घोषणा या दोनांत मोडत नाही. मेसेजचा हिशेब धरला तर ख्रिस्ताचं देवपणही ऐच्छिक ठरेल, आणि ते तर मेसेज पाठवणाऱ्यालाही मान्य नाही. दर रविवारी श्रद्धेची कबुली देताना तो आपल्याबरोबर उभा राहून तेच म्हणतो.

सगळ्या शिकवणीचं वजन सारखं नसतं, हे मात्र खरं आहे आणि ते आपण मोकळेपणाने मान्य करायला हवं. फादरांनी लग्न न करणं हा शिस्तीचा नियम आहे. युक्रेनसारख्या पूर्वेकडच्या कॅथलिक परंपरांत विवाहित धर्मगुरू आहेत. स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा देण्याबाबत मात्र जॉन पॉल दुसरे यांनी 1994 मध्ये लिहिलं की तसा अधिकारच ख्रिस्तसभेकडे नाही, आणि हे सर्व श्रद्धावंतांनी कायमचं मानायचं आहे. चहाच्या टेबलावर हे दोन्ही प्रश्न एकाच दमात येतात. ते वेगळे करून सांगता आले नाहीत तर आपलं पुढचं बोलणं कुणी ऐकत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : अचूकतेचा दावा नसलेल्या अधिकृत शिकवणीलाही मनाने आणि बुद्धीने मान द्यायचा असतो. ‘सल्ला’ हा शब्द त्यात कुठेच बसत नाही.

सदसद्विवेकबुद्धीसाठी एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडमधले कॅथलिक विचारवंत जॉन हेन्री न्यूमन यांचा दाखला दिला जातो. आधी तिच्या नावाने प्याला उचलेन, मग पोपच्या, असं त्यांनी 1875 च्या पत्रात लिहिलं, हे खरं आहे. पण त्याच पत्रात त्यांची तक्रार आहे की लोक मनमानीलाच सदसद्विवेक म्हणू लागले आहेत. त्यांच्या लेखी तो आपल्या आत बोलणारा देवाचा आवाज, आपल्या आवडीनिवडीचा नव्हे. तो मानायलाच हवा, पण त्याला शिकवून तयार करणंही आपल्याच अंगावर आहे.

आता संततिनियमन. पोप पॉल सहावे यांचं त्यावरचं ‘ह्युमाने वीते’ हे पत्र 25 जुलै 1968 चं. त्याआधी, 1966 मध्ये, याच प्रश्नावर पोपना सल्ला देणाऱ्या अभ्यास आयोगातल्या बहुसंख्यांनी बदलाच्या बाजूने मत दिलं होतं. पोपनी ते स्वीकारलं नाही. म्हणजे ‘बहुतेकांना पटत नाही’ हा मुद्दा तेव्हाही समोर होता; नवं काही निघालेलं नाही. शिकवणीचा गाभा असा की पतिपत्नीच्या मीलनात एकमेकांना दिलेलं प्रेम आणि नव्या जिवाला दिलेली वाट हे दोन अर्थ आहेत, आणि माणसाने ते मुद्दाम तोडू नयेत. ठोस कारणाने मुलांत अंतर ठेवायला आणि त्यासाठी स्त्रीच्या चक्राचा आधार घ्यायला ते पत्र परवानगी देतं.

आमच्याकडच्या एका काकूंचं सांगतो. गर्भाशयाच्या त्रासाने त्यांना रक्तस्राव थांबत नसे, डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं, ‘या तर त्याच गोळ्या, पाप आहे.’ त्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) येत राहिल्या, पण कम्युनियनच्या (ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या) वेळी रांग पुढे सरके आणि त्या बाकावरच गुडघे टेकून राहत. किती तरी वर्षं. त्याच पत्राच्या 15 व्या परिच्छेदात स्पष्ट आहे की आजारावरचा खरा उपचार निषिद्ध नाही, त्याने गर्भधारणा थांबणार हे आधी माहीत असलं तरीही. फक्त ती थांबवणं हा हेतू नसावा. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही, कारण मीच वाचलं नव्हतं. ‘शिकवण संपली’ म्हणणाऱ्याने त्यांना काही दिलं नाही आणि न वाचता शिकवण सांगणाऱ्याने त्यांना कम्युनियनपासून दूर ठेवलं.

पोप फ्रान्सिस यांच्याबद्दल. व्हॅटिकनच्या 18 डिसेंबर 2023 च्या दस्तऐवजाने समलिंगी जोडप्यांचं लग्न मान्य केलं, असं पसरलं. त्यात साध्या, विधीविना दिलेल्या आशीर्वादाची मुभा आहे; विवाह स्त्री-पुरुषाचाच, हे तिथेच लिहिलं आहे.

पण फाशीबाबत 2018 मध्ये कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाचा, 2267 वा परिच्छेद खरोखर बदलला. आता फाशी अस्वीकार्य म्हटली आहे. हा मुद्दा मला सगळ्यात जड जातो. 30 जुलै 2015 च्या पहाटे आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात फाशी झाली तेव्हा मी तिच्या बाजूने होतो. 1995 मध्येच जॉन पॉल दुसरे यांनी लिहिलं होतं की फाशीची गरज पडावी असे प्रसंग आता जवळजवळ उरलेले नाहीत. 2018 चा मजकूर त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे, असं आज मी मानतो. ते मानायला मला वेळ लागला. ‘बाकी सगळं ऐच्छिक’ ही सवलत मीच घेतली असती, तर ‘ह्युमाने वीते’बद्दल दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

राहिलं ‘वाद नको, प्रेम करा’. सदरमधलं आपलं कॅथेड्रल ज्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचं आहे, त्यांना आल्प्समधल्या, तेव्हा प्रोटेस्टंट असलेल्या शाब्ले प्रांतात प्रवचनाला माणसं मिळेनात. तेव्हा ते एकेक मुद्दा कागदावर लिहीत आणि ते कागद घरोघरी दाराखालून सरकवले जात. मुद्दे पक्के होते, आणि त्यांच्या सौम्यपणासाठी ते आजही ओळखले जातात. पेत्राच्या पहिल्या पत्रातही (3:15) उत्तर द्यायला तयार राहा आणि ते सौम्यतेने, आदराने द्या, ही दोन्ही सांगणी एकत्रच आहेत.

15 वा परिच्छेद मी मराठीत हाताने उतरवून काढला आहे, वहीच्या अर्ध्या पानावर बसला. रविवारी मिस्सेनंतर काकूंना नेऊन देणार आहे, आणि त्यांना फादरांकडे एकटं जायचं नसेल तर सोबत जाणार आहे.