फॉर्मवर ऑटिझम लिहू नका म्हणे!

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा सोलापूरहून फोन आला. आवाज दबका, म्हणजे भाचा शेजारच्याच खोलीत असणार. "ताई, कॅपच्या फॉर्मवर दिव्यांगच्या रकान्यात 'नाही' करून टाकू का? अजून सबमिट केलेला नाही."

मी उडालेच. पोराकडे सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय बोर्डाचा ऑटिझमचा दाखला आहे, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे. बारावीला जादा वेळ घेतला, सीईटीच्या अर्जात 'होय' लिहिलं. आणि आता कॅपला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेशाला, 'नाही'? कारण काय, तर नात्यातल्या एका काकांनी ग्रुपवर टाकलेला मेसेज. "पालकांनो सावधान! कॉलेजच्या फॉर्मवर ऑटिझम लिहू नका" अशा मथळ्याचा. खाली कुणा "ज्येष्ठ शिक्षण समुपदेशकां"चा हवाला, पण नाव नाही. दोन दिवसांत तो मला आणखी तीन ठिकाणांहून आला. त्यातलं एक ठिकाण मी जिथे पंचवीस वर्षं शिकवलं त्या ज्युनिअर कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्यांचा ग्रुप. मग मात्र बसले लिहायला.

मेसेजमध्ये एक ते सात मुद्दे आहेत. पाचवा नाही. चारनंतर थेट सहा. हे मला दिसलं नव्हतं, भाच्याला दिसलं. त्याने मेसेजवर तेवढीच प्रतिक्रिया दिली आणि पुन्हा बसच्या वेळापत्रकात डोकं घातलं.

मुद्दा पहिला: नोंद आधारला जोडली जाते आणि पासपोर्ट, लायसन्स, बँकेचं कर्ज सगळं आयुष्यभर बंद होतं. यूडीआयडी काढताना आधार लागतं, एवढंच यात खरं. पासपोर्टच्या अर्जात दिव्यांगत्वाचा प्रश्नच नसतो. लायसन्सच्या वेळी प्रकृतीचं स्वघोषणापत्र भरतात, त्यात फिट येतात का, नजर कशी आहे असे प्रश्न आहेत, ऑटिझमचं नाव नाही. तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होईल असा काही आजार किंवा दिव्यांगत्व आहे का, असा एक सर्वसाधारण प्रश्न आहे. त्याचं उत्तर ज्याचं त्याने प्रामाणिकपणे द्यायचं, ऑटिझम असो वा नसो. आणि कर्जाचं म्हणाल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १३ वाचा. मालमत्ता बाळगणं, स्वतःचे पैशाचे व्यवहार सांभाळणं, बँकेकडून कर्ज घेणं, यांत दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीचा हक्क आहे असं तिथे स्वच्छ लिहिलंय. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. मराठीतही मिळतो. काका, पुढे ढकलण्याआधी तो एकदा उघडायचा.

याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा दिव्यांगांसाठी आहेत आणि त्यातल्या एका टक्क्याच्या गटात ऑटिझम आहे. त्या एका टक्क्यात बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता हेही वाटेकरी आहेत, म्हणजे फार पदरात पडतं असं नाही. पण ज्या कागदाने दारं बंद होतात म्हणून मेसेज ओरडतोय, तोच कागद हे दार उघडायला लागतो.

दुसरा मुद्दा वाचून मला हसू आलं. "ॲडमिशन ऑफिसर तुमच्या मुलाचा निबंध वाचतात. ऑटिझम हा शब्द दिसला की अर्ज बाजूला ठेवतात." कुठला निबंध? कॅपमध्ये निबंध कधीपासून आला? आपल्याकडे सीईटीचे पर्सेंटाइल, गुणवत्ता यादीतला क्रमांक, प्रवर्ग आणि तुम्ही पसंतीची कॉलेजं लिहून भरलेला ऑप्शन फॉर्म एवढं संगणकात जातं आणि बाहेर ऑर्डर येते. मुलाचं नाव वाचून "हा नको" म्हणणारा माणूस या साखळीत कुठेही बसलेला नाही. हा मुद्दा सरळसरळ अमेरिकेतून उचललाय. तिथल्या कॉलेजांत अर्जासोबत निबंध लिहावा लागतो आणि त्यात ऑटिझमबद्दल लिहावं की नाही यावर पालक खरोखरच डोकं फोडत असतात. बरं, तिथेही प्रवेशाआधी दिव्यांगत्वाची विचारणा करायला कॉलेजांना मनाई आहे, सांगायचं की नाही हे विद्यार्थ्याने ठरवायचं. तिथला प्रश्न इथल्या फॉर्मवर आणून चिकटवला आणि झालं "सावधान".

त्याच मुद्द्यात पुढे आहे की नंतर कळलं तरी कॉलेज काढून टाकू शकतं. कलम १६ म्हणतं की सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या संस्थेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. कलम ३२ म्हणतं की उच्च शिक्षणाच्या सरकारी आणि अनुदानित संस्थांनी किमान पाच टक्के जागा राखायच्या आणि वयाची अट पाच वर्षांनी शिथिल करायची. ऑटिझम आहे म्हणून काढून टाकायची मुभा देणारं कलम या कायद्यात नाही.

इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. कायदा मोडणाऱ्या संस्थेला पहिल्या वेळी दंड किती, तर दहा हजार रुपयांपर्यंत. एवढ्याने कोणत्या संस्थाचालकाची झोप उडणार? आणि स्टाफरूम ही काय चीज आहे हे मला कुणी सांगायला नको. "यंदा एक तसला आलाय" हे वाक्य मी चहाच्या टेबलावर ऐकलेलं आहे. मुलाखत घेऊन प्रवेश देणाऱ्या खासगी विद्यापीठांत समोरच्याच्या मनात काय चाललंय हे कागदावर सिद्ध करता येत नाही. वैद्यकीयची गोष्ट वेगळीच. एमबीबीएसच्या २०१९ च्या निकषांत ऑटिझमला राखीव जागेचा लाभ दिलेला नव्हता, तिथे पालकांची भीती हवेतली नव्हती. पुढे १५ ऑक्टोबर २०२४ ला, बोलण्यातलं दिव्यांगत्व असलेल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ टक्केवारी बघून अपात्र ठरवता येणार नाही, हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने बघितलं पाहिजे. म्हणजे मेडिकलला जाणाऱ्यांनी त्या वर्षीची नियमावली ओळीओळीने वाचावी. आमचा भाचा कॉम्प्युटरला चाललाय.

तिसरा मुद्दा, पदवीवर शिक्का येतो. नाही येत. पदवी प्रमाणपत्रावर नाव, परीक्षा, श्रेणी असते. प्रवेश कोणत्या जागेवर झाला ते नसतं. पुढे.

चौथा: "सौम्य ऑटिझमला चाळीस टक्के मिळतच नाहीत, मग लिहून काय उपयोग?" राखीव जागेला दाखल्यावर किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व लागतं, त्याबद्दल हे. आधी ते पहिल्या मुद्द्याशी जुळवून दाखवा. दाखलाच मिळत नसेल तर आधारला काय जोडलं जाणार? दाखल्यासाठी आपल्याकडे ज्या मापनश्रेणीचा आधार घेतला गेला तिला इसा म्हणतात. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, म्हणजे एकूण चाळीस ते दोनशे. सत्तरच्या आत आलं तर ऑटिझम नाही. सत्तर ते एकशे सहा सौम्य. आणि गंमत अशी की सत्तर गुणांनाच चाळीस टक्के धरलेत. "सौम्य" या शब्दावर जाऊन कित्येक पालक सिव्हिलची पायरीच चढत नाहीत. शिवाय चाळीसच्या खाली असलेल्यांना राखीव जागा नसली तरी परीक्षेतल्या सोयींचा हक्क नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या लेखनिकाविषयीच्या निकालातच सांगून ठेवलंय.

आता सहावा. याच्यासाठीच मी हे सगळं लिहितेय, कारण बाकीचे मुद्दे नुसते अडाणी आहेत, हा पोरांना बुडवणारा आहे. "आत्ता लपवा. प्रवेश पक्का होऊ द्या. गरज पडलीच तर परीक्षेच्या वेळी सांगा."

गरज पडलीच तर! म्हणजे कधी? हॉल तिकीट हातात आल्यावर? कॅपच्या अर्जात भरलेला प्रवर्ग कागदपत्रांच्या पडताळणीत तपासला जातो आणि अंतिम गुणवत्ता यादी लागली की तो प्रश्न संपतो. पहिल्या फेरीनंतर जाग आली तरी पाच टक्क्यांतली जागा गेली ती गेली. जादा वेळ किंवा लेखनिक हवा तर कॉलेजमार्फत अर्ज, दाखल्याची प्रत, मंजुरी, हे सगळं परीक्षेच्या आधी व्हावं लागतं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ताशी किमान वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हा तास पर्यवेक्षकाच्या खिशात नसतो, की ऐनवेळी मागितला आणि काढून दिला.

सांगूनसुद्धा काय होतं ते ऐका. २०२१ च्या 'नीट' या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला लिखाणाची अध्ययन अक्षमता असलेली एक विद्यार्थिनी मुंबईच्या केंद्रावर बसली. चाळीस टक्क्यांचा दाखला होता. तरी तिला जादा तास दिला नाही, तीन तास होताच पेपर काढून घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २३ नोव्हेंबर २०२१ ला न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाला हे मान्य केलं, पण फेरपरीक्षा दिली नाही. नुकसान कसं भरून काढायचं ते परीक्षा यंत्रणेने बघावं, असं सांगितलं. रीतसर सांगितलेल्या, कागद हातात असलेल्या मुलीची ही गत. ज्याने कुठे काही लिहिलेलंच नाही, तो न्यायालयात काय दाखवणार? व्हॉट्सॲपचा मेसेज?

आणि परीक्षेपलीकडचंही आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, अबोल. पेपरात प्रश्न पुटपुटत वाचायचा आणि मागे कुणी खुर्ची ओढली की दोन्ही कान झाकायचा. सहामाहीला पर्यवेक्षकांना वाटलं, शेजाऱ्याला उत्तरं सांगतोय. उत्तरपत्रिका काढून घेतली, कॉपी केसचा कागद तयार केला. मुलाच्या तोंडून शब्द फुटेना, आणि तो गप्प राहिला हाच पुरावा धरला. त्याची आई धावत आली आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेर माझा हात धरून म्हणाली, "बाई, त्याला ऑटिझम आहे, आम्ही लिहिलं नव्हतं फॉर्मवर." मी वर्गशिक्षिका, मलाही माहीत नव्हतं. केस मागे घेतली गेली, पण तो पुढे दोन महिने कॉलेजला आला नाही. पुढच्या बाकावर, भिंतीकडेला जागा, एवढंच लागलं असतं त्याला. फुकटची गोष्ट.

माझ्या भाच्याची अडचण लेखी पेपराची तेवढी नाही, तोंडी परीक्षेची आहे. समोरचा डोळ्यांत बघून पटकन प्रश्न विचारतो, उत्तर डोक्यात असतं, ओठांवर यायला वेळ लागतो, तोवर परीक्षकांनी पुढचा प्रश्न टाकलेला असतो. प्रश्न कागदावर लिहून द्या, एवढी मागणी. परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करायचे, हे कलम १७ मध्ये आहे. पण हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या प्रॅक्टिकलआधी विभागप्रमुखांना सांगावं लागेल, आणि सांगायचं तर आधी फॉर्मवर 'होय' लागेल. बारावीला सवलत घेतलेली, सीईटीला 'होय' लिहिलेलं, कॅपला 'नाही' आणि पुन्हा सत्राच्या शेवटी 'होय'? उद्या कुणी विचारलं की यातलं खोटं कुठलं, तर उत्तर बहिणीनं द्यायचं की त्या ज्येष्ठ समुपदेशकांनी?

एक फरक मात्र मेसेजवाल्यांनी केला नाही आणि घाबरलेल्या पालकांच्याही लक्षात येत नाही. फॉर्मवर लिहिणं म्हणजे गावभर सांगणं नव्हे. प्रवेशाच्या रकान्यात लिहिणं एक, विभागप्रमुखांना सोयी मागणं दुसरं, आणि वर्गमित्रांना, हॉस्टेलच्या रूममेटला सांगणं तिसरं. पहिली दोन केली म्हणून तिसरं करावंच लागत नाही.

सातव्या मुद्द्यावर शाई वाया घालवणार नव्हते. "सहा महिने गहू आणि दूध बंद करा, ऑटिझम जातो, मग दाखला रद्द करून घ्या." ऑटिझम हा ताप नाही, उतरायला. मेंदूची घडणच तशी असते, जन्मापासून. आमच्या बहिणीनेही एकेकाळी पोराची पोळी बंद केली होती, कुणाच्या तरी सांगण्यावरून. पोरगं चार किलोंनी उतरलं, पंख्याच्या आवाजाला कान झाकायचं ते झाकतच राहिलं. बारावी झालेल्या मुलाला सहा महिने उपाशी ठेवून इंजिनिअरिंगला पाठवा म्हणणाऱ्याला काय बोलायचं?

हे सगळं बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा पावणेबारा झाले होते. ती म्हणाली, "कायदा ठीक आहे गं ताई, पण लोक?" लोकांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिला म्हटलं, त्याला विचारलंस का? तो अठरा पूर्ण झालाय, फॉर्म त्याचा आहे. नव्हतं विचारलं.

सकाळी विचारलं. 'होय' ठेव म्हणाला, आणि लेखनिक नको, फक्त वेळ हवा, हेही सांगितलं. तसं घेता येतं. कार्डावरची मुदत आणि नावाचं स्पेलिंग बारावीच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहिलं, दुपारी फॉर्म सबमिट केला. आता वाद ऑप्शन फॉर्मवर चाललाय. बहिणीला घराजवळचं कॉलेज पहिलं हवंय. त्याने कॉलेजांची यादी बसला किती वेळ लागतो आणि किती ठिकाणी बस बदलावी लागते, यावरून लावली आहे. मेसेज पाठवणाऱ्या काकांना मी कलम १३, १६, १७ आणि ३२ पाठवली. त्यांनी हात जोडल्याची खूण टाकली आणि पाठोपाठ गुडघेदुखीवरचा उपाय.