'ज्यांना नीट लिहिता येत नाही त्यांनाच फॉर्मॅटर लागतो' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फॉर्मॅटर (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन) आणि टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा कोड) यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आधी चूक कबूल करतो. पायथन भाषेच्या 'पेप ८' या शैलीच्या नियमावलीत ओळीची मर्यादा ७९ अक्षरांची आहे, मी ८० लिहिली होती. दुरुस्त केली. ब्लॅक या पायथनच्या फॉर्मॅटरची ८८ मात्र बरोबरच आहे.

आता तुमचं ते वाक्य: 'ज्यांना स्वतःला नीट लिहिता येत नाही त्यांनाच फॉर्मॅटर लागतो.' ते कोणाला उद्देशून आहे हे मला कळतं. मुद्दा याहून साध्या शब्दांत मांडता आला असता.

१४ वर्षं मी कोड लिहिण्याचंच काम करतोय. पहिली काही वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत होतो, तिथे फॉर्मॅटर नव्हता. एका अत्यंत हुशार सीनियरने बिलिंगची जुनी फाइल 'जरा साफ करून' पाठवली. सातशे ओळींचा डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक), जवळजवळ सगळा स्पेस आणि कंसांचा. त्यातच एका तारखेच्या तुलनेत 'लहान किंवा समान'चं नुसतं 'लहान' झालं होतं. तिघांनी अप्रूव्ह केलं, त्यातला एक मी. महिन्याच्या शेवटच्या दिवसाची बिलं निघालीच नाहीत. टेस्टही नव्हती, त्यामुळे कळलं ते ग्राहकांच्या फोनवरून. सांगा, यात नीट लिहिता न येणारा कोण होता?

ॲपलचं २०१४ चं प्रकरण तुम्हाला माहीत असेलच. त्यांच्या सुरक्षित कनेक्शनच्या कोडमध्ये 'गोटू फेल' (बाकीची तपासणी सोडून थेट शेवटाकडे जा) ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. 'इफ' या अटीला महिरपी कंस नव्हते, त्यामुळे दुसरी ओळ दिसायला 'इफ'च्या आत, पण चालायची प्रत्येक वेळी. सर्व्हरची सही न तपासताच कनेक्शन सुरक्षित ठरायचं. आयफोनसाठी आयओएस ७.०.६ हे अपडेट घाईने काढावं लागलं. क्लँग-फॉर्मॅट या सी भाषेच्या फॉर्मॅटरने ती दुसरी ओळ डावीकडे 'इफ'च्या रांगेत आणून ठेवली असती, रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांत खुपली असती. आणि मुद्दाम चुकीची सही पाठवणारी एक टेस्ट असती, तर ती तिथेच फेल झाली असती. ते लिहिणाऱ्यांनाही नीट लिहिता येत नव्हतं, असं म्हणणार का?

बाकीचं थोडक्यात. 'गिट ब्लेम'चा (कुठली ओळ कोणी, कधी बदलली हे दाखवणारी गिटची आज्ञा) इतिहास बिघडतो म्हणता, तर फॉर्मॅटिंगचे कमिट (नोंदवलेले बदल) त्यातून वगळण्याची सोय गिट २.२३ पासून आहे. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कने २०२२ मध्ये अख्खा कोड ब्लॅकमधून काढला, तेव्हा तीच वापरली. नवीन लोक टेस्टच्या अटीने पळून जातात हे तुमचं मत आहे, ठेवा. शंभर टक्के कव्हरेज (प्रत्येक ओळ टेस्टमधून चाललेली) हवं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पण तुमच्या प्रोजेक्टमध्ये नवा बदल मुख्य कोडमध्ये मर्ज करण्याआधी टेस्ट आपोआप चालतात का, हे लेखात सरळ विचारलं होतं. एवढं लांबलचक लिहिलंत, त्यावर मात्र एक अक्षर नाही.