‘डेव्हलपर आळशी झालेत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अवघड हार्डवेअरच्या कन्सोलवर गेम आणायचा की नाही, हे विक्रीचे आकडे बघण्याआधी त्या मशीनवर मोजमाप घेऊन ठरवावं, असं मी माझ्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही चांगलंच झोडपलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे आळसाला दिलेलं गोंडस नाव आहे, प्लेस्टेशन ३ वर नॉटी डॉगला जमलं ते इतरांना का जमू नये, आज गेम इंजिनमध्ये (गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये) एक बटण दाबलं की दुसऱ्या कन्सोलचा बिल्ड (चालवण्याजोगी आवृत्ती) निघतो, मग इतके ग्राहक सोडायचे कशाला, आणि लहान टीमनं काय, कन्सोलकडे बघूच नये का?

प्लेस्टेशन ३ पासूनच सुरुवात करू. ताकद होती, वादच नाही. सेल प्रोसेसरमध्ये ३.२ गिगाहर्ट्झचा एक मुख्य कोअर आणि शिवाय गेमला मिळणारे सहा एसपीयू, म्हणजे लहान मदतनीस कोअर. गोम अशी की एसपीयूला मुख्य मेमरी थेट वाचता येत नाही. प्रत्येकाकडे स्वतःची २५६ केबी जागा. कोड, स्टॅक (कोड चालताना लागणारी तात्पुरती जागा), डेटा सगळं तेवढ्यातच बसवायचं. बाहेरचं काही हवं असेल तर डीएमएनं (मेमरीतून डेटा हलवणाऱ्या वेगळ्या यंत्रणेनं) मागवायचं, एका खेपेला जास्तीत जास्त १६ केबी, पत्ता १६ बाइटच्या पटीत, आणि वेग हवा असेल तर १२८ च्या.

आता समजा धुराचे कण पुढे सरकवायचेत. पीसीवरच्या कोडमध्ये प्रत्येक कण म्हणजे एक ऑब्जेक्ट, त्यात व्हर्च्युअल फंक्शन, टेक्स्चरचा (पृष्ठभागावरच्या चित्राचा) पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, आणि मालकाचा पॉइंटर. एसपीयूसाठी हे सगळे पॉइंटर नुसते आकडे. म्हणून आधी ऑब्जेक्ट मोडून जागा, वेग, आयुष्य यांचे एका रांगेतले सपाट अ‍ॅरे करावे लागतात. एका कणाला ३२ बाइट धरले तर एका खेपेत ५१२ कण येतात. आत येणाऱ्या डेटाला दोन बफर (तात्पुरते साठे), बाहेर जाणाऱ्याला दोन, म्हणजे ६४ केबी त्यातच गेले. एका बफरवर हिशेब चालू असताना दुसरा भरत राहतो. इथं हमखास होणारी चूक म्हणजे खेप पूर्ण व्हायची वाट न बघता बफर वाचायला घेणं. मग जुनाच डेटा हिशेबात येतो, बऱ्याच वेळानं एखाद्या फ्रेमला धूर भलतीकडेच उडी मारतो, आणि डीबग बिल्डमध्ये कोड हळू चालतो म्हणून तिथं बग दिसतच नाही. हे झालं फक्त धुराचं. अ‍ॅनिमेशन, कलिजन (टक्कर ओळखणं), कलिंग (न दिसणाऱ्या वस्तू वगळणं), प्रत्येकाची अशीच मोडतोड करायची.

नॉटी डॉग हा सोनीचा स्वतःचा स्टुडिओ. गेम एकाच मशीनसाठी, आणि डेटाची मांडणी पहिल्यापासून त्या मशीनला धरून. एक्सबॉक्स ३६० वर तीन सारखे कोअर आणि ५१२ एमबीचा एकच साठा गृहीत धरून लिहिलेला गेम प्लेस्टेशन ३ वर न्यायचा, हे काम वेगळंच आहे. तिथं मेमरी २५६ अधिक २५६ अशी दुभंगलेली, आणि ग्राफिक्सच्या बाजूची मेमरी सेलनं वाचायची म्हटलं तर वेग जवळजवळ शून्य. ‘स्कायरिम’ २०११ मध्ये आला तेव्हा प्लेस्टेशन ३ वर सेव्ह फाइल वाढत गेली की गेम अडखळायचा. त्याचं ‘डॉनगार्ड’ हे नंतरचं विस्तार-पॅकेज एक्सबॉक्स ३६० ला जून २०१२ मध्ये मिळालं, प्लेस्टेशन ३ ला फेब्रुवारी २०१३ मध्ये. आळस असता तर इतके महिने त्यावर कुणी खपलं नसतं.

गंमत अशी की प्लेस्टेशन ३ साठी डेटा सपाट केला की तो कोड ३६० वरही जास्त पळायचा, कारण कॅशेला (प्रोसेसरजवळच्या लहान वेगवान मेमरीला) तेच मानवतं. उलट दिशेनं गेलात तर मात्र पदरात काही पडत नाही. कोणतं मशीन आधी धरलं, यावरच निम्मा निकाल ठरतो.

आता ते बटण. युनिटी किंवा अनरियलसारखं इंजिन ग्राफिक्सचे आणि कंट्रोलरचे कॉल बदलून देतं, तुमच्या डेटाची मांडणी बदलत नाही. युनिटीचंच बघा. कन्सोलवर गेम चालू असताना नवा मशीन कोड तयार करायची मुभा नसते, त्यामुळे सी-शार्पचा कोड आधीच सी++ मध्ये रूपांतरित होतो आणि ‘न वापरलेला’ भाग छाटला जातो. एखादा क्लास फक्त रिफ्लेक्शननं (गेम चालू असताना नावावरून शोधून) वापरला जात असेल, उदाहरणार्थ सेव्ह फाइल उघडताना, तर छाटणीत तोही जातो. बिल्ड बिनबोभाट होतो, मेन्यू चालतो, आणि ‘कंटिन्यू’ दाबलं की गेम बसतो. उपाय साधा आहे, त्या क्लासची नावं छाटणीतून वगळायच्या यादीत टाकायची. पण ती यादी बटण बनवून देत नाही.

मशीन नेमकं कुठं अडतं ते पाहिल्याशिवाय ‘अवघड’ या शब्दाला अर्थ नाही. एक्सबॉक्स वनमध्ये ३२ एमबी वेगवान ईएसरॅम (चिपवरचीच छोटी मेमरी) होती. १०८०पी चा एक रेंडर टार्गेट (चित्र काढायची मेमरीतली जागा) पिक्सेलला ४ बाइट धरून ७.९ एमबी. चार टार्गेट आणि एक डेप्थ (प्रत्येक पिक्सेलच्या अंतराची नोंद) मिळून ३९.५ एमबी, म्हणजे मावत नाही. तेच १६०० बाय ९०० ला २७.५ एमबी, आरामात मावतं. सुरुवातीच्या कित्येक गेमचं रिझोल्यूशन ९००पी का होतं, याचं एक कारण या गणितात आहे. पण ही अडचण सौम्य. रिझोल्यूशन उतरवलं, गेम तोच राहिला.

एक्सबॉक्स सिरीज एस ची अडचण वेगळी. तिथं एकूण १० जीबी, सिरीज एक्स वर १६, आणि एक्स वर यायचं तर एस वरही चालवून दाखवावं लागतं. टेक्स्चर कमी करणं सोपं: बीसी७ या दाबलेल्या स्वरूपातला २०४८ चा टेक्स्चर मिपमॅपसह (त्याच्या लहान प्रतींसह) ५.३ एमबी, १०२४ चा १.३. असे ३०० उतरवले की १.२ जीबी मोकळी होते. पण जगाची स्थिती, नेव्हमेश (पात्रांना चालता येईल अशा जागांचा नकाशा), फिजिक्स, एनपीसींचा (संगणकाच्या पात्रांचा) हिशेब असा चतुर्थांश करता येत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये स्प्लिट-स्क्रीनवर (एका पडद्याचे दोन भाग करून) दोन खेळाडू नकाशाच्या दोन टोकांना जाऊ शकतात, म्हणजे दोन्हीकडचं जग एकाच वेळी मेमरीत हवं. पीसीवर गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये, तोही सिरीज एस वर स्प्लिट-स्क्रीन वगळून.

म्हणून मोजमाप. गेममधला सगळ्यात जड प्रसंग घ्या. ट्रेलरमधला देखणा नको, सगळे शत्रू, स्फोट आणि ऑटोसेव्ह एकदम येतात तो. लक्ष्य ३० फ्रेमचं असेल तर हातात ३३.३ मिलिसेकंद. आता रिझोल्यूशन चौथ्या हिश्शावर आणा. ४१ मिलिसेकंदांचे १९ झाले तर अडचण जीपीयूची (ग्राफिक्स चिपची), ती सुटेल. ४१ चे ३९ झाले तर सीपीयू अडतोय, आणि तिथं गेमच बदलावा लागेल: कमी एनपीसी, विरळ अपडेट, लहान नकाशे. निन्टेन्डोच्या पहिल्या स्विचवर १ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारे तीनच कोअर गेमच्या वाट्याला येतात, तिथं हा प्रकार फार दिसतो. मेमरी मात्र गेम सुरू केल्या केल्या मोजू नका. दोन तास खेळून, पाचसहा लेव्हल बदलून, वापराची सगळ्यात वरची पातळी नोंदवा. तुकडे पडलेली मेमरी तेव्हाच उघडी पडते. आणि आकडे दुकानात मिळणाऱ्या मशीनच्या मेमरी सेटिंगवरच घ्या. डेव्हकिटमध्ये (डेव्हलपरना मिळणाऱ्या खास कन्सोलमध्ये) बहुधा जास्त मेमरी असते आणि ती गोड बोलून फसवते.

ग्राहकांच्या संख्येबद्दल एवढंच: कन्सोल किती खपले हा आकडा तुमच्या कामाचा नाही. त्यातल्या किती जणांकडे तुमचा गेम खेळायला दुसरं मशीन नाही, तो कामाचा. खर्चाच्या बाजूला पोर्टिंगबरोबर (गेम दुसऱ्या मशीनवर नेण्याबरोबर) प्रत्येक पॅचची वेगळी चाचणी आणि वेगळं सर्टिफिकेशन (कन्सोल कंपनीची मंजुरी) धरा, तेही गेम विकला जातोय तोवर.

लहान टीमनं बघावं, जरूर बघावं. फक्त ‘हो’ ठरलं की अवघड मशीनच मुख्य धरा. रात्रीचा बिल्ड रोज त्यावर चालवा, आणि पीसीच्या डेव्हलपमेंट बिल्डलाही त्याच मशीनची मेमरी मर्यादा लावा, प्रत्येक विभागाला वेगळी: टेक्स्चर, ऑडिओ, अ‍ॅनिमेशन, फिजिक्स. मर्यादा ओलांडली की बिल्ड फेल, सोबत फाइलचं नाव. सुरुवातीला आर्टिस्ट वैतागतील. तरीही मर्यादा वाढवू नका, आणि शेवटच्या टप्प्यासाठी १० टक्के मेमरी कुणालाही न देता बाजूला ठेवा. भाषांतरांचे फॉन्ट आणि नंतरचे पॅच तिच्यातच जाणार आहेत.