हवा गळते आणि तरी मिश्रण रिच? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हवा गळली तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, त्यामुळे रिचच्या (पेट्रोल जास्त, हवा कमी) तक्रारीत मी लेखात टर्बोचे, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंपाचे, पाइप तपासायला सांगितले हेच चुकलं. पी०१७२ हा मिश्रण रिच असल्याचा कोड आला की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलायचा. आणि गाडी नवी, वॉरंटीतली असेल तर मालकाने मध्ये पडूच नये. यातला शेवटचा मुद्दा मला बराचसा पटतो. पहिले दोन मात्र नाही पटत.

बिनटर्बोच्या इंजिनात तुम्ही म्हणता तसंच होतं. थ्रॉटल या हवेच्या झडपेनंतर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, निर्वात ओढ असते, फट पडली की न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण लीन होतं. टर्बो गाडीत टर्बो ते थ्रॉटल या पाइपात, जोर लावला की, बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाब असतो. तिथे फट पडली तर हवा बाहेर पळते, आणि ती आधीच मोजून झालेली असते, कारण एअरफ्लो सेन्सर टर्बोच्या अलीकडे, एअर फिल्टरपाशी बसतो. समजा सेन्सरने १०० ग्रॅम हवा मोजली. पेट्रोलला १४.७ : १ हे प्रमाण लागतं, म्हणून ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) साधारण ६.८ ग्रॅम पेट्रोल सोडलं. वाटेत १५ ग्रॅम हवा निसटली. सिलिंडरमध्ये पोहोचली ८५ ग्रॅम, म्हणजे प्रमाण झालं १२.५ : १. हे चांगलंच रिच झालं.

एक गोष्ट मात्र मी मूळ लेखात लिहायलाच हवी होती आणि ती राहिली. हा हिशेब एअरफ्लो सेन्सर असलेल्या इंजिनाचा आहे. काही टर्बो इंजिनांत तो नसतो, मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान यांवरून हवा काढली जाते. तिथे निसटलेली हवा मुळात मोजलीच जात नाही. मिश्रण जवळपास ठीक राहतं, फक्त पिकअप पडतो. तुमच्या इंजिनात कोणती पद्धत आहे हे आधी बघा. तुमच्या आक्षेपामुळे ही उणीव लक्षात आली, लेखात ती दुरुस्ती करतो आहे.

आता सेन्सर. पी०१७२ सांगतो एवढंच की मिश्रण रिच येतंय म्हणून ईसीयूला पेट्रोल मर्यादेबाहेर कापावं लागतंय. ही बातमी देणारा सेन्सर क्वचित खोटं बोलतो, पण आधी त्याची परीक्षा घ्या, मग शिक्षा करा. माझ्या स्वतःच्या नव्या गाडीत चौथ्या महिन्यात चेक इंजिन लाइट लागला, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी धरली. सर्व्हिस सेंटरने सेन्सर बदलला. तीन आठवड्यांत लाइट परत! तेव्हा मी ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) लावून शेजारी एकाला आकडे वाचायला बसवलं. फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली टक्केवारीतली वाढ-घट. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ती उणे ३, म्हणजे काहीच नाही. चढावर, टर्बो भरल्यावर, उणे १८. गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडला की ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि एक्झॉस्टमध्ये नुसती हवा जाते. त्या क्षणी सेन्सरचं रीडिंग तडक लीनकडे गेलं. सेन्सर ठणठणीत होता.

मग बॉनेट उघडून नुसतं पाहिलं. टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजवर एका क्लॅम्पपाशी बोटभर पट्ट्यात ओलसर धूळ चिकटली होती, बाकी होज कोरडा. पांढऱ्या फडक्याने पुसलं तर करडा, तेलकट डाग आला. या पाइपातून ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीच्या) तेलाचा थोडा फवारा जातच असतो, त्यामुळे जिथून हवा सुटते तिथे तेल पाझरतं. क्लॅम्प पाइपच्या कडेवर अर्धाच चढला होता. सर्व्हिस सेंटरने तो नीट बसवला आणि त्याच चढावर ट्रिम उणे २ आली.

आयडलला रिच आणि जोरावर ठीक, असं उलटं चित्र असेल तर पाइप सोडून द्या. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकून टाकीतली वाफ येतेय का, एखादा इंजेक्टर टिपकतोय का, हे बघायला सांगा. आणि डिपस्टिकचा वास घ्या. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात थंडीत सतत छोट्या फेऱ्या झाल्या की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, पातळी चढते आणि तीच वाफ ब्रीदरमधून परत इंजिनात जाते. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून घेतलेल्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. तिथे बरीच इंजिनं थंडाव्यासाठी मुद्दाम रिच चालवली जातात.

वॉरंटीबद्दल: खरं आहे, होज मालकाने सोडू नये, मीही सोडला नाही. पण आकडे वाचताना एकही बोल्ट हलत नाही. आणि कोड पुसण्याची घाई तर अजिबात नको. कोड पडला त्या क्षणाचे आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान आणि ट्रिम ईसीयू फ्रीझ फ्रेममध्ये साठवतो. कोड पुसला की तेही जातं. सर्व्हिस सेंटरच्या माझ्या पहिल्या भेटीत नेमकं हेच झालं, आणि तीन आठवडे वाया गेले.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गाडीत सेन्सर बदलूनही परवा लाइट पुन्हा लागला. कोड अजून पुसला नसेल तर ते चार आकडे इथे लिहा. कूलंटचं तापमान आणि लोड आधी.