परदेशातून: मॉनिटर कमी करू या का, बुवा?

पुण्या-मुंबईच्या मैफलींबद्दल मित्रांचे मेसेज येतात, त्यात एक वाक्य ठरलेलं: 'गाणं छान, साउंडवाल्याने घाण केली.' मग चर्चा सिस्टीम जुनी होती की पोरगा नवखा होता, यावर. इथे जर्मनीत आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांना मी साउंड मिक्सरपाशी बसतो. माझं मत विचाराल तर बिघाड बहुतेकदा मंचावरच झालेला असतो.

मॉनिटरचंच बघा, म्हणजे कलाकारांना आपलं गाणं-वाजवणं ऐकू यावं म्हणून मंचावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर. तबलजींना पेटी हवी. पेटी वाढवली की बुवांना स्वतःचा आवाज कमी वाटतो. तो वाढवला की तबला पुरत नाही. थोड्याच वेळात हा सगळा कल्ला गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि गढूळ होऊन सभागृहात येतो. तो गाळून काढणारं बटण कुठल्याच मिक्सरवर नसतं. त्यापेक्षा मॉनिटर बंद ठेवून आधी थोडं गाऊन-वाजवून घ्यावं. पेटीवाले आपणहून गायकाकडे सरकतात, तबलजींचा हात हलका होतो. मग ज्याला जे खरंच ऐकू येत नाही, तेवढंच द्यायचं. गायकाने माइकपासूनचं अंतर निम्मं केलं तरी जवळपास 6 डेसिबल मिळतात, तेही फुकट. पेटीचा माइक मात्र वीतभर लांबच बरा, नाहीतर सुरांआधी भात्याची फुसफुस ऐकू येते. इथल्या हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी होऊन तबला चढतो, म्हणून तो आधीच हॉलमध्ये आणून ठेवावा लागतो.

इथलं सगळंच चांगलं असं नाही. रॉक बँडला सरावलेला तंत्रज्ञ तानपुऱ्याला गुणगुण समजून कापतो आणि डग्ग्याचा घुमाराही छाटून टाकतो. पुण्यातला जुना साउंडवाला असं कधी करणार नाही. त्याचे कान तयार असतात. पण इथे त्याच तंत्रज्ञाने 'स्टेजवरचा आवाज कमी करा' म्हटलं की नामवंत कलाकारही ऐकतो. शिवाय प्रेक्षकांसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीने 99 डेसिबलची मर्यादा सांगणारं मानक असल्याने त्याच्या शब्दाला वजन असतं.

आपल्याकडे कलाकार ऐन वेळी येतात, साउंड चेक 'हॅलो, हॅलो'वर उरकतो आणि भर आलापीत बुवा बोट वर करून 'वाढव' अशी खूण करतात. त्यांच्यापुढे 'कमी करू या का?' म्हणायची त्या पोराची काय बिशाद! आयोजकांनीच मानधनाच्या पत्रात साउंड चेकची वेळ लिहावी आणि तो संपेपर्यंत दारं उघडू नयेत. नव्या स्पीकरचं भाडं त्यानंतर ठरवा.