तेराव्यानंतर कोण येतं?

येत्या पोळ्याला दादाला जाऊन तीन वर्षं होतील. औसा तालुक्यातलं आमचं गाव. मातीला अख्खा शिवार लोटला होता. तेराव्यापर्यंत ओसरी रिकामी नव्हती. पाहुणे आले, पुढारी आले, सोसायटीचे चेअरमन येऊन बसले. चौदाव्या दिवशी दारातल्या चपला गेल्या. मी पण लातूरला निघून आलो, कारण रजा संपली होती. घरी राहिली वहिनी, माय आणि सहा वर्षांचं लेकरू.

दादाने आत्महत्या केली. हा शब्द आमच्या घरात वर्षभर कुणी उच्चारला नाही. ‘ते झालं तेव्हा’ असंच म्हणायचे सगळे.

पहिल्या पंधरा दिवसांत वहिनीला सगळ्यांनी एकच विचारलं. कर्ज किती होतं? थकलं होतं का? पीत होते का? पोलिसांनी विचारलं, तलाठ्यानं विचारलं, मग पाहुण्यांनीही. सरकारी मदत 1 लाखाची. त्यातले 30,000 हातात मिळतात आणि 70,000 ठेव म्हणून राहतात. पात्र की अपात्र हे जिल्ह्याची समिती ठरवते. कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं लागतं. दादाचं बहुतेक हातउसनं होतं, त्यामुळं फाईल अपात्र झाली. पैसे गेले त्याचं वहिनीला फार वाटलं नाही. ती मला म्हणाली, “भाऊजी, म्हंजे त्यांचं मरण पण खोटं ठरलं का?”

मदतही आली, नाही असं नाही. एका मंडळानं शिलाई मशीन दिलं, बॅनर धरून फोटो काढला. वहिनीला शिवता येत नाही. तिला शेती येते, दादापेक्षा चांगली येते. तिला काय पाहिजे हे एकानंही विचारलं नाही. तो फोटो तालुकाभर मोबाईलवर फिरला, आणि पदर ओढून उभी असलेली आपली आई लेकरानं शाळेत दुसऱ्याच्या मोबाईलवर पाहिली. देणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला माहीत आहे, तरी तो फोटो मी आजही विसरू शकत नाही.

मायला झोप लागेना म्हणून एका दवाखान्यातून झोपेच्या गोळ्या आणल्या. ती दिवसभर भिंतीला टेकून बसायची, रडायची पण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 सालीच सांगून ठेवलंय, की दुसरा मानसिक आजार नसेल तर नुसत्या दुःखासाठी अशा गोळ्या देऊ नयेत. हे मला फार उशिरा कळलं.

चौथ्या महिन्यात गावातली आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती, आली. 2015 पासून आपल्याकडं शेतकऱ्यांच्या मानसिक आधारासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात घरोघरी जाऊन झोप, जेवण, मनात काय चाललंय हे विचारतात. तिनं कागद बाजूला ठेवला आणि वहिनीसोबत शेंगा फोडत बसली. मग विचारलं, “भाऊंना जेवायला काय आवडायचं ओ?” चार महिन्यांत दादाबद्दल, त्याच्या कर्जाबद्दल नाही, असं विचारणारी ती पहिलीच. वहिनी तासभर बोलली.

आशाताईनंच पुढं जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंशी गाठ घालून दिली. आम्ही लेकराला ‘पप्पा कामाला गेलेत’ सांगितलं होतं आणि ते रोज संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचं. बाई म्हणाल्या, खरं सांगा, सोप्या शब्दांत सांगा, तुझ्यामुळं झालं नाही हेही सांगा. सांगितलं. ते खूप रडलं. थांब्यावर जाणं मात्र बंद झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक दुःखी माणसाला समुपदेशन लागतं असं नाही. बहुतेकजण घरच्यांच्या, गावाच्या आधारानं सावरतात. पण काहीजण अडकतात. हे अडकणं आजार म्हणायचं का, हे ठरवताना डॉक्टर लोक किमान सहा महिने तरी जाऊ देतात. आणि आपला दुखवटा तेराव्याला संपतो. म्हणजे ज्या वेळी बघणारं माणूस पाहिजे, त्याच वेळी दारात कुणी नसतं.

म्हणून देणगी द्यायची तर या परत परत येणाऱ्या माणसासाठी द्या. त्याच्या पेट्रोलला, मानधनाला, प्रशिक्षणाला द्या. ‘पैसे प्रवासात गेले’ म्हणून नाक मुरडू नका, हे कामच प्रवासाचं आहे. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे 1,200 लेकरं शिक्षणासाठी पुण्याला नेली. एका दिवसाच्या वाटपात ते भागणारं नव्हतं, ती वर्षानुवर्षांची जबाबदारी होती. आपल्या मातीनं असं देणं पाहिलेलं आहे.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात आत्ता काही वाईट येत असेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. लावा.

दादाच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला आम्ही गावजेवण केलं नाही. ते पैसे वहिनीच्या जाण्या-येण्याला ठेवले. ती आता आशाताईसोबत आसपासच्या अशा घरी जाते. परवा मी तिला गाडीवर एका वस्तीवर सोडलं, तिथं माणूस जाऊन तिसरा महिना चालू होता. दोन तासांनी बाहेर आली. डोळे लाल होते. गाडीवर बसता बसता म्हणाली, “पुढच्या गुरुवारी परत यायचंय भाऊजी. टाकी भरून ठेवा.”